करवतीच्या खिळ्यावर खार

१

मयुरी पडली तेव्हा नूतन शाळेच्या फाटकाची कडी काढत होती. आधी काहीतरी कडाडलं, मग धप्प आवाज झाला आणि लिंबावरचे पोपट एकदम उडाले. नूतनच्या हातातला डबा तिथंच पडला. ती कोपऱ्याकडे धावली तर पोरांनी बांधलेलं मचाण एका अंगावर कलंडलेलं, आणि खाली चौथीतली मयुरी, डावा हात अंगाखाली दुमडून, डोळे मिटून पडलेली. कपाळातून रक्त येत होतं.

तिच्याआधी तिथं कोणीतरी पोचलं होतं. भटूआबा, म्हणजे चौथीतल्याच तेजसचे आजोबा, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. धोतराच्या सोग्यानं ते रक्त पुसत होते, पण ते गालभर पसरत होतं. नूतननं हाक मारली तसं त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, पाइप वर गेला का?"

भीतीनं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असंच तिला वाटलं. पोरगी निपचित पडलीय आणि हे पाइपचं विचारतायत. पाइप तर परवापासून कुंपणाशी आडवाच पडला होता. ती खाली वाकली. पोरीच्या नाकाशी बोट धरलं, श्वास लागला, तेव्हा कुठं तिचा स्वतःचा श्वास सुटला.

मयुरीचे मोठे काका गिरधरभाऊ शेजारच्याच केळीच्या बागेत होते. ते पिकअप घेऊन आले, पोरीला उचललं आणि रावेरकडे निघाले. जाताना नूतनकडे त्यांनी असं पाहिलं, की ती जागच्या जागी लहान झाली. भटूआबा कधी निघून गेले ते कोणाला कळलंच नाही.

गाडीचा धुरळा बसल्यावर नूतन मचाणाजवळ खाली बसली. बांबू मोडला असेल, कुजका निघाला असेल, आपण नीट पाहिलं नाही, असं स्वतःला दूषण देत तिनं मोडलेला पाय हातात घेतला. आणि तिच्या अंगावर काटा आला. बांबू मोडला होता तो एका कडेला, थोडासा. बाकीचा कापलेला होता, करवतीनं, सरळ आणि स्वच्छ.

ती उठून पोरांच्या खोलीत गेली. भिंतीवर प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा रंगवलेली होती. करवतीच्या रेषेत करवत नव्हती. तिथल्या खिळ्यावर करवंटीचा एक बिल्ला लटकत होता, आणि त्यावर एक खार काढलेली होती.

खार म्हणजे तेजस. हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

२

आता ही खोली काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं.

फैजपूर-रावेर रस्त्यावरून आत वळलं की केळीच्या बागांमध्ये मोरपाडळं नावाचं गाव लागतं. तिथल्या प्राथमिक शाळेत खिचडी शिजवायची जुनी खोली रिकामी पडली होती. नूतन धुळ्याहून बदलून आलेली, नवी, हौशी. तिच्या बोलण्यात अधूनमधून 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' आलं की पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. तिनं पोरांना विचारलं, या खोलीचं काय करू या? आणि पोरं जे सांगतील ते खरंच करू दिलं. मोठ्यांच्या जगात हे इतकं अवघड असतं की गावाला ते वेडेपणाचंच वाटलं.

पोरांनी नाव ठेवलं खटपटघर. नकाशा पोरांनी काढला, फळ्या पोरांनी ठोकल्या, खिळे पोरांच्या उंचीवर मारले. पहिलीच्या पोरांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकानं आपलं चित्र ठरवलं आणि करवंटीच्या तुकड्यावर काढून, केळीच्या सोपटाच्या, म्हणजे वाळक्या सालीच्या दोरीत ओवून गळ्यात घातलं. अवजार घ्यायचं तर आपला बिल्ला त्या खिळ्यावर लावायचा. दाराला कुलूप नाही, हेही पोरांनीच ठरवलं. बिल्ला असताना कुलूप कशाला, असं मयुरीनं सभेत विचारलं होतं.

आणखी एक नियम होता. कोणीही, अगदी पहिलीच्या पोरानंही, दोन्ही हात वर करून 'थांबलं' म्हटलं, की सगळ्यांनी जिथल्या तिथं थांबायचं, आणि हातातली वस्तू हळूच जमिनीवर ठेवायची. का, ते नंतर विचारायचं. मोठ्या माणसांनी ओरडलेलं मात्र या नियमात बसत नव्हतं. मोठी माणसं सारखीच ओरडतात, असं पोरांचं म्हणणं पडलं.

दिवाळीआधी गावाला खटपटघर दाखवायचा कार्यक्रम झाला. पोरांनी आईबापांना, आजीआजोबांना हाताला धरून बिल्ल्याचा नियम समजावला. दिवाळीनंतर पोरांनी मोठं काम काढलं. वादळ आलं की उभी केळी झोपते, आणि सगळं गाव आभाळाकडे बघत बसतं, म्हणून वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा उंच लावायचा. त्यासाठी मचाण, मचाणावर बोअरचा जुना लोखंडी पाइप, पाइपाच्या टोकाला कोंबडा. खटपटघराच्या भिंतीवर त्याचं भलंमोठं चित्र होतं. लिंब, केळी, सूर्य, मचाण, कोंबडा, सगळं त्यात होतं. पाइप त्याच दिवशी, सोमवारी, उभा करायचा ठरला होता. मयुरी त्या आठवड्याची कारभारीण, म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन मचाणावर चढली.

खिळ्यावरचा बिल्ला काढून घेऊन नूतननं तेजसला वर्गाबाहेर बोलावलं. त्याच्या गळ्यात बिल्ला नव्हता. तिनं खारीचा बिल्ला त्याच्यासमोर धरला. पोरगा त्या खारीकडे पाहत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं.

"मी केलं," तो म्हणाला.

का केलं, कधी केलं, करवत कुठं आहे, तिनं सगळं विचारलं. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. नऊ वर्षांच्या पोराचा तो चेहरा बघून नूतनला पहिल्यांदा खरी भीती वाटली. खोटं बोलताना पोरं घाबरतात. हा पोरगा दुसऱ्याच कशाला तरी घाबरला होता.

३

दुपारी व्यवस्थापन समितीची बैठक बोलावली गेली. मुख्याध्यापक पितांबर सरांनी नूतनला बाजूला घेऊन सांगितलं, की पोरगा कबूल झालाय, तर विषय संपलाय. खटपटघराला कुलूप, आणि तेजसचं नाव पोलिसांना द्यायच्या अर्जात. लहान आहे, काही होणार नाही त्याला. पण गावानं ठरवलं तर आईला ते पोर दुसऱ्या शाळेत घालावं लागेल.

काही होणार नाही कसं? गावात एकदा नाव पडलं की ते पोराच्या मिशा फुटेपर्यंत टिकतं. बाप नसलेलं पोर, आई केळीच्या पॅकिंगला जाणारी. मयुरीला काही झालं, तर हा आयुष्यभर 'तो' तेजस राहणार होता. नूतननं सरांकडे बैठकीपर्यंतचा वेळ मागितला.

पण आधी तिला दुसरीच धास्ती बसली होती. एक पाय कापला, तर आणखी काय कापलं असेल? पोरांनी बनवलेली बाकं होती, ओढ्यावरची फळी होती, लिंबाला टांगलेला झोपाळा होता. ती प्रत्येक वस्तूवरून हात फिरवत गेली. बाकावर आधी स्वतः बसली, मग पोरांना बसू दिलं. झोपाळ्याची दोरी तिनं बोटांनी चाचपली. हे करणारा माणूस कदाचित आत्ता व्हरांड्यातून आपल्याला बघतोय, असं सारखं वाटत होतं.

कुठंच काही सापडलं नाही. कापलं होतं ते फक्त मचाण.

मंदाबाई नव्या खोलीत खिचडी ढवळत होत्या. जुनी खोली ऐसपैस होती, ही म्हणजे खुराडं, असं त्या येताजाता ऐकवायच्या. नूतननं विचारल्यावर त्यांनी डाव आपटला. खोली पाहिजे होती म्हणून मी पोरीला पाडीन? दिवाळीनंतर तेजसचं बोट करवतीनं कापलं, तेव्हा हळद कोणी लावली होती? मीच ना? आणि तेव्हापासून पोरांनी जोडीचा नियम काढला, तोही माझ्या चुलीपुढं बसून. बोलता बोलता बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मयुरी रोज त्यांच्याकडून पातेल्याच्या तळाची खरवड मागून घ्यायची.

पितांबर सरांनीही हात झटकले. मचाणावर त्यांचा पहिल्यापासून राग होता, ते त्यांनी लपवलं नाही. तरी त्यांनी परवानगी दिली होती, कारण वरून उपक्रमाचे फोटो मागितले होते. "आणि मी एकटाच का? अर्धं गाव येऊन सांगून गेलं, मचाण त्या कोपऱ्यात नको म्हणून. गिरधरभाऊ आले, मंदाबाई आल्या, भटूआबा आले. म्हटलं, पोरांनी ठरवलंय, पोरांना विचारा."

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, आणि खुर्चीचा हात धरला. रावेरच्या डॉक्टरांनी मयुरीला जळगावला पाठवलं होतं. ती अजून शुद्धीवर आली नव्हती.

४

गिरधरभाऊ पोरीला तिच्या आईबापाच्या स्वाधीन करून अर्ध्या रस्त्यातून परत आले. बैठकीसाठीच आले. शर्टावर पुतणीचं रक्त तसंच होतं आणि हातावर केळीच्या चिकाचे काळे डाग. नूतन त्यांना फाटकातच भेटली. मनातून ती त्यांना भीत होती, पण विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

गिरधरभाऊंचं आणि पोरांचं वाजलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. घडाला टेकू द्यायचे त्यांचे जुने बांबू पोरांनी मचाणाला वापरले. भाऊंनी दिलेले होते, पण मचाण इतकं उंच होईल हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. वर चढून पोरं बागेत बघतात, मजुरांना हाका मारतात, हे त्यांना खपत नव्हतं.

"मले मचाण पाडायचं असतं त ट्रॅक्टर लावून दिवसाढवळ्या पाडलं असतं," ते म्हणाले. "माझेच बांबू. चोरून करवत कायले नेऊ? अन् मी काय त्या करवंट्या लटकवत बसेन?"

बोलणं उद्धट होतं, पण खोटं नव्हतं. नूतन तिथंच थबकली. करवंट्या लटकवत बसेन का, हा प्रश्न तिच्या डोक्यात घुसून बसला.

भाऊ पुढं गेले. जाता जाता वळून म्हणाले, की या आठवड्यापासून शेतीची लाईट दिवसाची झालीय, दुपारी लाईन आली की मोटार चालू करायला जावं लागेल, तेव्हा बैठक लवकर उरका. पोरीचं नाव घेताना मात्र त्यांचा आवाज फुटला, आणि ते तोंड फिरवून भराभर निघून गेले.

५

नूतन खटपटघरात एकटी जाऊन बसली. समोर करवतीची रिकामी रेषा होती आणि हातात खार.

बिल्ला कोण लावतं? वस्तू घेतली हे ज्याला सांगायचंय, आणि ती परत आणायची आहे, तो. चोर कशाला लावेल? आता कोणी म्हणेल, तेजसला अडकवायला लावला. पण तेजसचा बिल्ला दुसऱ्याच्या हाती लागणार कसा? पोरं तो जिवापाड जपतात, शाळेत क्षणभरही काढत नाहीत. काढतात ते घरी, आंघोळीच्या वेळी.

आणि खुद्द तेजसनं लावला असेल, तर आणखीच गंमत. दिवाळीनंतर बोट कापलं ते तेजसचंच, आणि जोडीचा नियम निघाला तो त्याच्यामुळेच. धारेचं अवजार एकट्यानं घ्यायचं नाही, सोबती पाहिजे, आणि खिळ्यावर दोन बिल्ले पाहिजेत. तेजस चार वेळा मोजून बघायचा, दोन आहेत ना म्हणून. इथं खिळ्यावर एकच बिल्ला होता.

म्हणजे हा माणूस बिल्ल्याचा नियम जाणत होता, मानतही होता. पण जोडीचा नियम त्याला माहीत नव्हता. मंदाबाईंना माहीत होता, त्यांच्या चुलीपुढंच तो निघाला. पितांबर सरांना बोट कापल्याचं कळलं तेव्हाच तो सांगितला होता. गिरधरभाऊ कुठलाच नियम मानणारे नव्हते. आणि खोलीवर राग असलेल्या माणसानं खोलीतलं काहीतरी मोडलं असतं. इथं खोली जशीच्या तशी होती, झोपाळा होता, बाकं होती. राग होता तो फक्त मचाणावर.

दिवाळीआधी कोणी हे घर पाहिलं, आणि नंतर पाऊल टाकलं नाही? तेजसच्या घरातलं कोण? शनिवारी शाळा सुटताना करवत जागेवर होती, म्हणजे नेली ती रविवारी; आणि आई कामिनी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत पॅकिंगला होती, हे सकाळी विचारल्यावर तिच्याच मुकादमानं सांगितलं होतं. घरात राहिलं एकच माणूस. त्या कार्यक्रमाला तेजसनं ज्याला हाताला धरून आणलं होतं, आणि ज्यानं प्रत्येक बिल्ला डोळ्यांजवळ नेऊन कौतुकानं पाहिला होता.

आज शाळा भरायच्या आधी हाच माणूस मचाणाखाली होता. इतक्या सकाळी तो तिथं कशाला आला होता? आणि पहिला प्रश्न त्यानं पाइपचा का विचारला?

नूतननं सहज भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. लिंब होता, केळी होती, सूर्य होता. मग तिनं खिडकीतून खऱ्या कोपऱ्याकडे पाहिलं. मचाणाच्या वर, लिंबाच्या शेंड्याशी, शेतीपंपांची लाईन लोंबत गेली होती. तारेवर पोपट परत येऊन बसले होते.

चित्रात तार नव्हती. पोरांनी जे जे डोळ्यांना आवडलं ते काढलं होतं, आणि तीही इतके दिवस चित्रच बघत आली होती.

पाइप आडवा पडलाय, मचाण मोडलंय, म्हणजे आता भय नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. तेजसला हाताला धरलं, आणि शाळेसमोरच्या त्याच्या घराकडे निघाली.

६

भटूआबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. धोतरावरचं रक्त वाळून गेलं होतं. सकाळपासून माणूस जागचा हलला नसावा.

नूतन त्यांच्याजवळ बसली. येताना रागानं आली होती, विचारायला पुष्कळ होतं. समोर पाहिल्यावर राग कुठल्या कुठं गेला.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही दिवाळीआधीचा नियम पाळलात. नंतरचा तुम्हाला कोणी सांगितलाच नाही."

आबा उठले. आत गेले आणि टॉवेलात गुंडाळलेली करवत घेऊन आले. पुसून, तेल लावून ठेवलेली होती. तेजस मुसमुसून रडायला लागला. रविवारी संध्याकाळी आबांनी त्याला आंघोळीला पिटाळलं, आणि बाहेर येऊन बघतो तर बिल्ला नव्हता. सकाळी खिळ्यावर तो आहे म्हटल्यावर त्याला सगळं उमगलं होतं. आबांना पोलीस नेतील, म्हणून त्यानं आपलं नाव घेतलं.

"पोरांचा नियम व्हता," आबा म्हणाले. "वस्तू नेली त खूण ठेवायची. माह्याजवळ माही खूण कुठून येईन? याची घेतली. पाय पुरा कापून मचाण आडवं करणार व्हतो, कोणी चढूच नये असं. रात्रीच्या लाईटीवर पाणी द्यायले माणसं बागेकडे निघाली, म्या घाबरून पळालो. पहाटेच जाऊन पुरं करू म्हटलं. जाऊन पाहतो त पोरगी वर."

नूतननं विचारलं, की तारेचं भय होतं तर सरांना सरळ का सांगितलं नाही? नुसतं कोपऱ्यात नको म्हणून परत का आलात? आबांनी तेजसकडे पाहिलं. त्याला पाणी आणायला सांगितलं. पोरगा हलला नाही.

"का नको ते सांगा म्हणलं असतं सरांनी," आबा हळू आवाजात म्हणाले. "मग गावभर झालं असतं, अन् याच्या कानावर आलं असतं. याले आम्ही सांगेल हाये की बाप तापानं गेला." ते थांबले. मग नातवाचा हात हातात घेतला. "तापानं नाही गेला रे. बागेत फवाऱ्याचा पाइप उभा केला त्यानं. वर तार व्हती. लाईट नाही म्हणे. म्या समोरच उभा व्हतो. अन् लाईट आली."

तेजसचं रडणं थांबलं होतं.

आणि त्या शांततेत शेजारच्या बागेतून आवाज आला. आधी एक घरघर, मग दुसरी, मग दूरवर तिसरी. मोटारी चालू झाल्या होत्या. लाईन आली होती.

त्याच वेळी शाळेकडून पोरांचा एका सुरातला आवाज ऐकू आला. ती ओढायच्या वेळची आरोळी होती, आणि नूतननंच ती पोरांना शिकवली होती.

७

पुढचं नूतनला नीट आठवत नाही. चप्पल ओसरीवरच राहिली एवढं आठवतं.

मोठी माणसं कार्यालयात दार लावून भांडत होती. आणि पोरांनी, आपलं खटपटघर बंद होणार हे ऐकून, आपली सभा घेतली होती. मयुरी आठवड्याची कारभारीण होती, तिचं काम अर्धवट राहायला नको, असं स्नेहलनं मांडलं आणि सगळ्यांनी हात वर केले. मोडलेल्या पायाला दुसरा बांबू जोडून दोरीनं आवळला होता. प्रशील आणि स्नेहल मचाणावर उभे होते. खाली दहाबारा पोरं पाइपाला झोंबली होती. पाइप उभा होत चालला होता, टोकाला पत्र्याचा लाल कोंबडा डुलत होता, आणि कोंबड्याच्या जरा वर तार होती. पोपट पुन्हा उडून गेले होते.

नूतन ओरडली. जिवाच्या आकांतानं ओरडली. स्नेहलनं वरून हात हलवून सांगितलं, मॅडम, झालंच आता. त्यांना वाटलं, मॅडमना बैठकीतून कोणी पाठवलंय. मोठी माणसं सारखीच ओरडतात.

तिच्या मागून कोणीतरी वाऱ्यासारखं पुढं गेलं. तेजस कुंपणाशी पोचला, दोन्ही हात आभाळाकडे ताणले, आणि सकाळपासून मिटलेल्या त्या तोंडातून आवाज निघाला.

"थांबलं!"

आरोळी अर्ध्यावर तुटली. सगळी पोरं जागच्या जागी थिजली. पाइपही थिजला, तारेखाली वीतभर. नूतन पुढं जाऊन हात लावू शकत नव्हती, आणि काही बोलायचीही तिला भीती वाटत होती. एका पोराचा हात सुटला असता तरी संपलं होतं.

तेजसनं हात खाली केले नाहीत. हळूच, तो म्हणाला, हळूच जमिनीवर. पोरांनी नियमानं केलं. जितक्या सावकाश करतात तितक्याच सावकाश. कोंबडा खाली झुकला, तारेपासून दूर गेला, कुंपणाच्या खाली आला, आणि शेवटी मातीला टेकला. मग स्नेहलनं वरून विचारलं, का?

तेजसनं बोट वर केलं. पोरांनी पहिल्यांदाच माना वर करून ती तार पाहिली.

आरडाओरडा ऐकून बैठकीतली माणसं बाहेर आली होती. गिरधरभाऊ एकदा पाइपाकडे, एकदा तारेकडे बघत राहिले. बागेतून त्यांच्याच मोटारीचा आवाज येत होता. ते कुंपणाचा खांब धरून मटकन खाली बसले. फाटकात भटूआबा उभे होते, हातात करवत घेऊन, आणि आता ती लपवायची त्यांना काही गरज वाटत नव्हती.

८

मयुरी संध्याकाळी शुद्धीवर आली. हात मोडला होता, कपाळाला टाके पडले होते, पण डोकं शाबूत होतं. आईचा जीव खाऊन तिनं शाळेत फोन लावायला लावला, आणि पहिली चौकशी केली ती कोंबडा लागला का, याची.

गिरधरभाऊंनी पोलिसात अर्ज दिला नाही. पण भटूआबांशी बोलणं टाकलं, आणि त्यात त्यांची काही चूक होती असं नूतनला वाटलं नाही. माणूस भीतीपोटी काहीतरी करतो, आणि ते दुसऱ्याच्या पोरीच्या अंगावर पडतं. आपण काय केलं ते आबांनी स्वतःच समितीपुढं उभं राहून सांगितलं. पितांबर सरांनी लाईन हलवायला कागद पाठवला, आणि तोवर त्या कोपऱ्याला भाऊंच्याच बांबूंनी आडवं कुंपण घातलं. खटपटघराला कुलूप लागलं नाही.

मयुरी हात गळ्यात बांधून शाळेत आली, त्या दिवशी पोरांनी आबांना सभेला बोलावलं. आबा करवत घेऊन आले, रिकाम्या रेषेत नीट बसवली आणि खाली मान घालून उभे राहिले. मयुरीनं विचारलं, की एकट्यानं धारेचं अवजार का घेतलं? सोबत्याला का नाही विचारलं? यापुढं विचारीन, एवढंच आबा म्हणाले.

मग पोरं चित्रापुढं जमली. चित्रात चूक आहे, ती आधी दुरुस्त करायची, असं ठरलं होतं. तेजसनं काळ्या रंगात कुंचला बुडवला आणि लिंबाच्या वरून एक लांब रेघ ओढली. मागं सरून पाहिली. सगळ्यांना बरोबर वाटली.

"आबा," त्यानं विचारलं, "बाबांची तार अशीच होती?"

नूतनला वाटलं, मध्ये पडावं, काहीतरी बोलावं. तिनं स्वतःला आवरलं. आबा भिंतीपाशी गेले, चष्मा वर केला, आणि ती रेघ अगदी जवळून पाहिली.

"थोडी खाली," ते म्हणाले.

तेजसनं ओल्या फडक्यानं रेघ पुसली आणि पुन्हा काढायला घेतली.